पिचिंगचा वेग: हात सैल, पाय घट्ट

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कास्तकार वडिलांचा आहे, थोडक्यात असा. मुलगी १५ वर्षांची, शाळेच्या १७ वर्षांखालील सॉफ्टबॉल संघाची पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारी, उंची ५ फूट १ इंच. विंडमिल (हात पूर्ण गोल फिरवून खालून) टाकते, बॉल स्ट्राइकमध्ये, म्हणजे बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीत पडतो, पण वेग नाही. तालुक्याला चालून जातं, जिल्ह्याला गेल्यावर समोरच्या मुली आरामात मारतात. रोज २०० बॉल टाकते. कुणी सांगितलं मनगटाला डंबेल्स मारायला लावा, कुणी सांगितलं गोळाफेकीचा गोळा घेऊन हात फिरवू द्या. उंची कमी म्हणून वेग येत नाही का? वावराच्या धुऱ्यापाशी जागा आहे. कोच नाही, वेग मोजायचं मशीन नाही. काय करावं?

भाऊ, गोळा आजच बाजूला ठेवा. १७ वर्षांखालच्या मुलींचा गोळा ३ किलोचा असतो, सॉफ्टबॉल १७८ ते १९८ ग्रॅमचा. पंधरापट जड वस्तू घेऊन हात गोल फिरवला की हात हळू फिरायला शिकतो, आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला, जिथून दंडाच्या स्नायूचा कंडरा जातो, तिथं दुखणं सुरू होतं. "खालून तर टाकायचा बॉल, खांद्याला काय होते?" असं आपल्याकडे क्रीडाशिक्षकही म्हणतात. पण प्रयोगशाळेत कॅमेरे लावून ज्यांनी विंडमिल मोजली, त्यांना बॉल सुटण्याच्या सुमारास खांद्याच्या सांध्याला बाहेर ओढणारा जोर पिचरच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास जाताना दिसला. पोरगी ४५ किलोची असेल तर जवळपास तेवढी ओढ, आणि तीही प्रत्येक जोराच्या बॉलला. त्या खांद्यावर गोळ्याचं वजन आणखी चढवायचं काही कारण नाही.

डंबेल्स तेवढे वाईट नाहीत, पण त्यातून हाती फार थोडं लागतं. मनगटाचा झटका हा वेगाचा उगम नाही, शेवटचा टप्पा आहे. मागून वेग आलेला असेल तर मनगट आपोआप झटकतं. मागून काहीच आलेलं नसेल, तर मनगट कितीही कमावलं तरी बॉल तेवढाच राहतो. कॅचरपासून (बॅटरच्या मागे बॉल झेलणारी) दहा फुटांवर उभं राहून अर्धा तास नुसतं मनगट झटकायचा जो सराव चालतो, तो अंग गरम करण्यापुरता पाच मिनिटं ठेवा.

आता वेग येतो कुठून ते बघू. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाकलायला गोफण फिरवतात, ती तुम्ही पाहिलीच असेल, कदाचित फिरवलीही असेल. फिरवणारा दोरी ताठ धरून ढकलत नाही. मूठ थोडीशी फिरते, दोरी मागून सैल येते, आणि शेवटी दगडाचा वेग मुठीच्या कितीतरी पट होतो. पिचरचा हात ही दोरी आहे. मूठ म्हणजे पाय, कंबर आणि धड. तुमच्या वर्णनावरून मला दिसतं ते असं, की पोरगी दोरीनेच दगड ढकलते आहे. मैदानाबाहेरून "लाव जोर, लाव!" असा ओरडा झाला की मुली हमखास हात आवळतात, खांदा वर ओढतात, आणि बॉल आणखी हळू होतो. हे ओरडणं पहिलं बंद करा. तुम्ही, सर, मावशी, सगळ्यांनी.

शरीरात वेग खालून वर चढतो. मागच्या पायाने जमीन ढकलली, शरीर पुढे गेलं, पुढचा पाय टेकला आणि त्याने शरीराला अडवलं. अडवल्यामुळे कंबर फिरली, मग धड, मग दंड, मग कोपराखालचा हात, मग बोटं. प्रत्येक भाग थांबताना आपला वेग पुढच्याला देतो. म्हणून जोराने पुढे जाणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच ठाम थांबणंही. आपल्याकडच्या मुलींचं पहिलं थोडंफार जमलेलं असतं, खो-खो आणि कबड्डी खेळून मांड्यांत ताकद असते. दुसरं बहुतेकींना कुणी शिकवलेलंच नसतं.

घरात फोन असेलच. तो तिसऱ्या बेसच्या बाजूने, म्हणजे पिचर होमकडे (जिथं बॅटर उभी असते) तोंड करून उभी असताना तिच्या बरोबर उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर विटांवर टेकवून ठेवा आणि स्लो-मोशनमध्ये दहा बॉल चित्रित करा. पोरगी उजव्या हाताने टाकते असं धरून सांगतो. डावखुरी असेल तर फोन पहिल्या बेसच्या बाजूला.

पहिली जागा थांबवून बघा: मागचा पाय प्लेट (पिचर जिच्यावर उभी राहून टाकते ती पट्टी) सोडतो तो क्षण. गुडघा जवळपास सरळ झालेला हवा आणि नडगी होम प्लेटच्या दिशेने कललेली. गुडघा अजून वाकलेलाच असेल आणि छाती पुढे झुकलेली असेल, तर तिने ढकललंच नाही, नुसतं पाऊल टाकलं. यावर उपाय बॉलशिवाय होतो. प्लेटवर उभी करा, उजव्या पायाने ढकलून डाव्या पायावर लांब उडी घेऊ द्या, आणि उतरल्यावर तीन मोजेपर्यंत हलायचं नाही. दिवसाला पंधरा-वीस उड्या पुरेत. आठवडाभराने हीच उडी हात फिरवत, मग बॉलसकट.

पाऊल किती लांब हवं? चांगल्या पिचर साधारण आपल्या उंचीच्या ८० ते १०० टक्के लांब टाकतात. ५ फूट १ इंच म्हणजे १५५ सेंटिमीटर, तेव्हा हिचं १२५ ते १५५ सेंटिमीटरमध्ये बसायला हवं. चुन्याच्या फक्कीने दोन आडव्या रेघा मारा आणि प्लेटच्या मध्यापासून होमपर्यंत एक सरळ रेघ. पुढचं पाऊल त्या सरळ रेघेवर किंवा वितभर डावीकडे पडावं. रेघ ओलांडून उजवीकडे पडलं की कंबर आडवी येते आणि हाताला वळसा घालून जावं लागतं. बॉल मांडीला घासतो म्हणून तक्रार करणाऱ्या बहुतेक मुलींचं दुखणं हेच असतं. मात्र लांबीसाठी लांबी नको. पाऊल दीड मीटर गेलं पण त्या पायावर ठाम उभं राहता येत नसेल, तर ते सव्वा मीटरवर आणा. वेग वाढेल.

दुसरी जागा, आणि इथंच सगळ्यात जास्त वेग सांडतो: पुढचा पाय टेकल्यापासून बॉल सुटेपर्यंत. त्या पायाची बोटं थेट कॅचरकडे नकोत आणि पूर्ण तिसऱ्या बेसकडेही नकोत. मध्ये, ३० ते ४५ अंशांत. गुडघा किंचित वाकलेला, पण टेकल्यावर आणखी वाकत जायला नको. धड ताठ. बॉल सुटताना नाक पुढच्या गुडघ्याच्या मागे राहिलं पाहिजे. चित्र थांबवा आणि नाकातून खाली सरळ काडी धरून बघा. काडी गुडघ्याच्या पुढे गेली, तर पायाने अडवलेलं नाही; सगळं शरीर बॉलबरोबर पुढे वाहून गेलं आणि हाताला काही मिळालं नाही. आणखी सोपी खूण म्हणजे बॉल टाकल्यावर पोरगी दोन-तीन पावलं पुढे पळते का ते बघायचं. टाकून झाल्यावर पुढच्या पायावर दोन मोजेपर्यंत उभं राहायला सांगा. पहिल्या दिवशी ती डगमगेल.

इथं तुमच्या धुऱ्याचा उपयोग आहे. धुऱ्याच्या पायथ्याला प्लेट ठेवा, म्हणजे पुढचं पाऊल हलक्या चढावर पडेल. चढावर शरीर पुढे सांडता येत नाही, पाय आपोआप अडवतो. दहा-बारा बॉल चढावर, लगेच दहा-बारा सपाटीवर. सांगून जे महिनाभर कळत नाही ते बऱ्याच मुलींच्या अंगाला असं लवकर कळतं. चढ फार नको, पायाच्या घोट्याला ताण येईल. टाच आणि चवडा यांत दोन-तीन बोटांचा फरक पुष्कळ.

तिसरी जागा हाताची. पुढचा पाय टेकतो तेव्हा हात डोक्यावर किंवा नुकताच मागून खाली यायला लागलेला असावा, आणि छाती तिसऱ्या बेसकडे उघडलेली. पाय टेकायच्या आधीच हात खाली आला असेल तर पाय हवेत असतानाच बॉल टाकल्यासारखा होतो, खाली पाठबळ काहीच नाही. हात मागे खांद्याच्या पातळीला येतो तेव्हा तळहात आकाशाकडे असावा, कोपर थोडं वाकलेलं आणि सैल. तिथून दंड आधी खाली येतो, कोपर कमरेला घासून जातं, आणि मागे राहिलेला कोपराखालचा हात झटक्यात पुढे येऊन आतल्या बाजूला वळतो. वेगवान बॉल हाच असतो. बॉल बोटांत धरायचा, तळहातात रुतवायचा नाही.

बऱ्याच शाळांतून मुलींना वर्षानुवर्षं असं शिकवलेलं आहे की हात डोक्यावर असताना बॉल दुसऱ्या बेसकडे वळवायचा, सरळ खाली ढकलायचा, आणि सोडल्यावर कोपर उचलून खांद्यापर्यंत आणायचं. तुमच्या पोरीलाही बहुधा हेच शिकवलं असेल, कारण असं टाकणाऱ्या मुलींचा बॉल स्ट्राइकमध्ये पडतो पण त्याला वेग नसतो. कोपर मुद्दाम उचलायच्या नादात दंड थांबतच नाही, आणि दंड थांबला नाही तर पुढच्या हाताला वेग मिळत नाही. जगातल्या कुठल्याही वेगवान पिचरला स्लो-मोशनमध्ये बघा, बॉल सुटताना कोपर कमरेपाशी असतं. नंतर हात कुठं जातो त्याची चिंता करू नका, तो अंगासमोरून सैल निघून जातो. ही सवय मोडायला जाळीपासून तीन मीटरवर आडवं उभं राहायचं, छाती तिसऱ्या बेसकडे, हात मागे खांद्याच्या पातळीला, तळहात वर, आणि तिथूनच सोडायचा. पंधरा बॉल, कोपर अंगाला लागल्याचं जाणवेपर्यंत.

या तिन्ही गोष्टी एकदम सांगू नका. आधी पुढचा पाय, दोन-तीन आठवडे फक्त तोच. मग ढकलणं. हात शेवटी.

आता २०० बॉलांचं. कुणालाही रोज २०० बॉल पूर्ण ताकदीने टाकता येत नाहीत. शरीर हुशार असतं, ते पहिल्या बॉलापासून बेताची चाल धरतं. म्हणजे पोरगी रोज दोन तास हळू टाकायचा सराव करते आहे, आणि त्यात ती तरबेज झाली आहे. वेगासाठी आठवड्यातून दोन दिवस, फार तर तीन, आणि दोन दिवसांत किमान एक दिवस मोकळा. अंग पूर्ण गरम करून ३० बॉल. पाच-पाचचे सहा गट, प्रत्येक बॉलानंतर अर्धा मिनिट, गटानंतर दोन-तीन मिनिटं. प्रत्येक बॉल जेवढा जमेल तेवढा जोरात, आणि समोर कॅचर नको, स्ट्राइकची चौकट नको. गोणपाटं शिवून मोठा पडदा करा, दोन बांबूंना सैल लटकवा, म्हणजे बॉल आदळून तिथंच खाली पडेल. सैल नसला तर परत तोंडावर येतो.

पहिले काही आठवडे बॉल कुठेही जाईल. जाऊ द्या. स्ट्राइक पडावा म्हणून हात आवरला की वेग मेला, आणि मुली हे नकळत करतात, म्हणून तर चौकट काढायची. अचूकपणाचा सराव वेगळ्या दिवशी, ४०-५० बॉल, तीन-चतुर्थांश ताकदीने. नवीन वेग अंगवळणी पडला की चौकट परत आणायची. वडिलांना हे बघणं जड जातं, मला माहीत आहे. पोरगी काल स्ट्राइक टाकत होती आणि आज बॉल पडद्याच्या वरून पऱ्हाटीत जातोय. तो शोधायला धाकट्या भावाला बसवा.

वेगाच्या दिवशी सुरुवातीला दहा बॉल चालत येऊन टाकू द्या, दोन-तीन पावलं घेऊन मग विंडमिल. शरीराची गती बॉलमध्ये कशी उतरते ते यात कळतं. सामन्यात मात्र असं चालणार नाही, आणि प्लेटवरून उडी मारून पुढे नव्या जागेवर पाय टेकून पुन्हा ढकलणंही नियमबाह्य आहे. लांब ढकलायला शिकणाऱ्या मुलींना ही सवय लागते, म्हणून मागच्या पायाचा अंगठा जमिनीवरून ओढत आणायला पहिल्यापासून शिकवा. आठवड्यातून एकदा लांबचे बॉल: १५ मीटरवरून सुरू करून मागे मागे जात, जिथपर्यंत न टप्पा पडता पोचतो तिथपर्यंत, विंडमिलनेच.

जड-हलका बॉल हा प्रकार खरा आहे, पण फरक १०-२० टक्क्यांचाच हवा. जुन्या बॉलवर इलेक्ट्रिशियनची टेप गुंडाळून २२० ग्रॅमपर्यंत न्या, किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. हलक्यासाठी ११ इंची बॉल, तो साधारण १७० ग्रॅमचा असतो. पाच जड, पाच हलके, पाच नेहमीचे, आठवड्यातून एकच दिवस, आणि तेही पुढचा पाय ठाम झाल्यावर. आत्ता नको.

मशीनची गरज नाही. पडद्यापासून बरोबर १० मीटरवर रेघ मारा आणि बॉल त्या रेघेवर सुटेल अशी प्लेट मागे-पुढे करा. फोन बाजूला असा ठेवा की हात आणि पडदा दोन्ही दिसतील. बॉल हातातून सुटल्यापासून पडद्याला लागेपर्यंत चित्रांच्या चौकटी (फ्रेम) मोजा. फोन सेकंदाला २४० चौकटी घेत असेल तर ८६४० ला तुमच्या आकड्याने भागा, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. १०८ चौकटी आल्या तर ताशी ८०. साध्या ६० चौकटींच्या चित्रणात २१६० ला भागायचं. तिथं एका चौकटीची चूक म्हणजे जवळपास ताशी ३ किलोमीटरचा फरक, म्हणून पाच बॉलांची सरासरी धरा. गटागणिक आकडा खाली यायला लागला की त्या दिवसाचा सराव संपला, ३० पूर्ण झाले नसले तरी. वहीत लिहून ठेवा. पोरीनेच लिहावं.

आकड्याचा अर्थ काय? महिलांच्या खेळात पिचर प्लेट ते होम ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर. (वावरात मोजताना होमच्या मागच्या टोकापासून पिचर प्लेटच्या पुढच्या कडेपर्यंत टेपने मोजा. पावलांनी मोजलेली मैदानं पाहून मी थकलो आहे. तीन फूट जवळून सराव केलेली पोरगी जिल्ह्याला गेली की तिचा बॉल आधी पडायला लागतो आणि दोष तिला मिळतो.) पाऊल पुढे गेल्यामुळे बॉल प्रत्यक्षात साधारण ११ मीटरवरून सुटतो. ताशी ७० ने टाकला तर बॅटरला सुमारे ०.५७ सेकंद मिळतात, ८० ने टाकला तर ०.५०. या एवढ्याशा फरकात बॅट उशिरा येते.

उंचीबद्दल. उंचीचा फायदा आहे, खोटं कशाला सांगू. अमेरिकेच्या मोनिका अ‍ॅबटने २०१२ मध्ये ताशी ७७ मैल, म्हणजे १२४ किलोमीटरने बॉल टाकला, ती ६ फूट ३ इंच उंच. २०२५ मध्ये तिथल्याच कार्लिन पिकन्सने कॉलेजच्या स्पर्धेत त्याच्याही पुढे मजल मारली, तीही उंच. पण जपानची युकिको उएनो १७४ सेंटिमीटरची, अ‍ॅबटपेक्षा अर्धा फूट बुटकी, आणि वेगात त्याच पंगतीतली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने जपानला सुवर्ण दिलं आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी पुन्हा. तुमच्या पोरीची तुलना या तिघींशी नाहीच. तिची तुलना जिल्ह्यातल्या मुलींशी आहे, आणि तिथं उंचीने हरण्याआधी पुढच्या पायाने हरणाऱ्या मुली मला जास्त दिसतात.

उएनोचा उल्लेख आला की बीजिंगमध्ये दोन दिवसांत टाकलेल्या ४१३ बॉलांची गोष्ट कुणीतरी अभिमानाने सांगतं. ती तेव्हा २६ वर्षांची पूर्ण घडलेली खेळाडू होती. आपल्या शालेय स्पर्धेत एका दिवसात दोन-तीन सामने होतात आणि एकच पिचर सगळे टाकते, ते १५ वर्षांच्या खांद्याला परवडत नाही. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकीय मार्गदर्शनात १३-१४ वर्षांना एका सामन्यात ८० आणि १५ पासून पुढे १०० बॉलांची मर्यादा सुचवली आहे. शाळेच्या सरांना भेटून दुसरी पिचर तयार करायला सांगा. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी थांबायचं. स्नायू भरून येणं दोन दिवसांत जातं. एका बोटाने दाखवता येईल असं दुखणं आठवडाभर राहिलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, बाम चोळत बसू नका.

ताकदीसाठी जिम शोधू नका. आठवड्यातून दोनदा: खांद्यावर धान्याची दहा-पंधरा किलोची पिशवी घेऊन बैठका, एका पायावर बसणं-उठणं (खाटेच्या काठावर), उभ्याने लांब उडी, आणि हातांवर-चवड्यांवर शरीर सरळ धरून ठेवणं. जुन्या फुटबॉलमध्ये वाळू भरून दोन किलोचा करा आणि भिंतीवर कमरेतून वळून दोन्ही हातांनी आदळा, दोन्ही बाजूंनी. पाठीच्या वरच्या भागासाठी कडुलिंबाच्या फांदीला लटकून वर ओढणं. लांब उडीचा आकडा वहीत वेगाशेजारी लिहा; दोन्ही बरोबर वाढत असतील तर पाय बॉलपर्यंत पोचताहेत. उडी वाढली आणि वेग नाही, तर गडबड थांबण्यात आहे.

एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम सांगतो. पोरीचं हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर कुठलाही सराव अर्धाच लागू पडतो, ती दमते आणि आपण तिला आळशी म्हणतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली खिडकीतून फेकतात. ती खायला लावा. आणि सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या, विदर्भात हे प्रमाण मोठं आहे. वाहक असलेली मुलगी खेळू शकते, खेळतातही. पण उन्हात दम तुटेपर्यंत सलग पळवायचं नाही, पाणी भरपूर, मधली विश्रांती पूर्ण, आणि पायांत गोळे येऊन ती खाली बसली तर "नाटक करते" म्हणायचं नाही. प्रत्यक्ष आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. जेवणात वेगळं काही आणायची गरज नाही. भाकर, तुरीचं वरण, जवसाची चटणी, शेंगदाणे, जमेल तर दोन अंडी. सरावाला उपाशी पाठवू नका, आणि कापूस वेचणीच्या दिवशी वेगाचा सराव ठेवू नका. दिवसभर वाकलेल्या पाठीने कंबर फिरत नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा पहाटे साडेपाच ते सात, नंतर नाही. काळ्या मातीला भेगा पडतात, त्यात पाय अडकून घोटा जातो. प्लेटपासून पाऊल पडतं तिथपर्यंत दोन मीटर लांब, एक मीटर रुंद पट्ट्यात मुरूम टाका, पाणी मारून धुम्मसाने ठोका, आणि पाऊल पडून खड्डा झाला की दर आठवड्याला भरा. खड्ड्यात उतरणारा पाय अडवू शकत नाही. मागच्या बुटाचा अंगठा महिन्यात फाटेल, पंक्चरवाल्याकडून जुन्या टायरचा तुकडा चिकटवून घ्या. पावसाळ्यात बॉल पाणी पितो आणि जड होतो, तो वेगाच्या दिवशी वापरू नका.

शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, तेव्हा पाय आणि हात बदलायचं काम हिवाळा-उन्हाळ्यातच संपवा. स्पर्धेला दोन आठवडे राहिले की काहीही नवीन शिकवायचं नाही. वेगाचे ३० बॉल १५ वर आणा, आणि उरलेल्या वेळात एक चेंजअप, म्हणजे वेगवान वाटणारा पण हळू येणारा फसवा बॉल, पक्का करा. बॉल तळहातात खोल धरायचा, बोटं सैल, आणि पाऊल, हात, चेहरा सगळं वेगवान बॉलाच्या वेळी असतं तसंच. तो ताशी १५-२० किलोमीटरने हळू आला तर पुरे. हात हळू केलेला चेंजअप जिल्ह्याच्या बॅटरला लगेच ओळखू येतो, म्हणून त्याचंही चित्रण करा आणि दोन्ही बॉल शेजारी ठेवून बघा. खांद्यापर्यंत काही फरक दिसला नाही, तर तो सामन्यात टाकायला तयार आहे.